चौबळबाईंची अक्कलदाढ

चौबळबाईंशी माझी ओळख झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि त्यांची बोटं त्यात होती.

गणेशोत्सव नुकताच संपला होता. पेणला माझा गणपतींचा छोटासा कारखाना. आषाढ-श्रावणात आम्हा कारखानदारांना दाढ दुखायचीसुद्धा फुरसत नसते. माझी दाढ बिचारी विसर्जनापर्यंत थांबली आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिने सगळा राग एकदम काढला. गालाला मफलर गुंडाळून मी डॉक्टर कुमुद चौबळ यांच्या दवाखान्यात गेलो. बाई मूळच्या रोह्याच्या. आठवड्यातले तीन दिवस पेणला दात काढायच्या, दोन दिवस रोह्याला. साठीकडे झुकलेल्या, काटक, आवाजाला धार. दोन्ही गावांचं त्यांच्याबद्दल एकमत होतं: हात हलका, तोंड जड.

इंजेक्शन देऊन अर्धा जबडा बधिर झाल्यावर बाईंनी आरसा आत घातला आणि सहज विचारलं, "काय रे श्रीधर, गणपती झाले की जानेवारीपर्यंत तुला काय काम असतं?"

"आं," मी म्हणालो.

"म्हणजे काही नसतं. पोहता येतं?"

आता 'नाही' म्हणायला जीभ दातांना टेकवावी लागते. माझी जीभ कापसाच्या बोळ्याखाली होती आणि दात बाईंच्या ताब्यात. मी पुन्हा "आं" म्हणालो.

"छान. रविवारी सकाळी धरमतरला ये. ओहोटी लागायच्या आत."

दाढ ट्रेमध्ये टण्णकन पडली आणि मी शिडाच्या बोटीवरचा खलाशी झालो. तोवर माझा आणि पाण्याचा संबंध एवढाच, की माझा सगळा माल शेवटी पाण्यात जातो. पाण्यात गेलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे पेणमध्ये माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्हाला आंघोळीच्या बादलीत वाकलं तरी चक्कर येते. तुम्ही बोटीवर काय करणार?"

"बाईंनी बोलावलंय."

"मग नाही म्हणायचं."

ते कसं म्हणायचं हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तिच्या दाढा शाबूत होत्या.

रविवारी धरमतरच्या खाडीवर बाई माझी वाट बघत चिखलात उभ्या होत्या. सलवार-कमीज, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पुरुषी वेताची हॅट. मागे पाण्यात बोट डुलत होती. एक डोलकाठी, दोन शिडं, आणि आत एवढीशी खोली, जिच्यात माणूस बसू शकतो, झोपू शकतो, पण उभा राहिला की डोक्याला टेंगूळ घेऊन बाहेर येतो. मुंबईतला कुठलासा कंपनीवाला साहेब देश सोडून चालला होता, त्याच्याकडून बाईंनी ती घेतली होती. बोटीच्या कडेला निळ्या रंगात नाव होतं: 'अक्कलदाढ'.

"उशिरा आली, उपयोग काही नाही, आणि दुखणं जन्माचं," बाईंनी नावाचा खुलासा केला. "दुसरं काय नाव ठेवू?"

मी धीर करून म्हणालो, "बाई, मला पोहता येत नाही."

"माहीत आहे. तोंडावरच दिसतं. बरंच झालं. पोहता येणारी माणसं बोट लवकर सोडतात. तू धरून बसशील."

बोटीची राखण करायला हसुराम होता. मिठागरावर काम करणारा, शेजारच्याच गावातला. त्याने मला चिखलातून हाताला धरून नेलं. नेताना माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "भाऊ, तुमी तरी सांगा बायना. आमच्या गावान सगल्यांनी मशीन बशिवली. शीड कोन लावतंय आता? लोकं हसतान मना."

एंजिन बोटीत होतं. खोलीच्या मागच्या बाजूला, लाकडी झाकणाखाली, परदेशी बनावटीचं, तपकिरी पडलेलं. त्याच्या पोटात कधीतरी खारं पाणी गेलं होतं आणि तेव्हापासून त्याने बोलणं सोडलं होतं. त्याचे भाग इथे मिळत नव्हते. काढून टाकायचं तर बोटीचा पाठीमागचा तोल बिघडेल, असं बाईंचं म्हणणं. म्हणून ते होतं तिथेच होतं. त्याच्या झाकणावर बाई पोळपाट ठेवायच्या, लोणच्याची बरणी ठेवायच्या, आणि त्याला 'जावईबुवा' म्हणायच्या. "मला मुलगी नाही, पण जावई मात्र पदरात पडलाय. बसून आहे. काम काही नाही, आणि ऊठ म्हणायची सोय नाही."

हसुरामला हे बघवेना. पहिल्याच हिवाळ्यात तो वडखळहून एक मिस्त्री घेऊन आला. मिस्त्री ट्रकचा. त्याने दोन रविवार जावईबुवांच्या पोटात हात घातले आणि तिसऱ्या रविवारी जाहीर केलं, की आता मशीन चालणार. हसुरामने नारळ आणला. मला पुढच्या टोकाला हार घालायला उभं केलं. नारळ फुटला, मिस्त्रीने हँडल फिरवलं, काळा धूर आला आणि एंजिन खरोखरच धडधडलं. हसुराम आनंदाने ओरडला. मी हार हातात घेऊन डोळे मिटले. उघडले तेव्हा धक्का माझ्यापासून दूर चालला होता आणि आम्ही उलटे, जोरात, तिवरांच्या झाडीकडे निघालो होतो.

"पुढं घे, पुढं!" हसुराम ओरडला.

"पुढचा गेर नाय पडत!" आतून मिस्त्री.

बाईंनी शांतपणे आत हात घालून डिझेलची नळी उपटली. आवाज थांबला. बोट तिवरांत घुसून बसली आणि हार माझ्याच गळ्यात आला. पुढची भरती येईपर्यंत आम्ही चौघांनी तिथे चिखलात बसून तो नारळ खाल्ला. मिस्त्री खाली मान घालून खात होता. बाई त्याला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. याची तब्येत मला कळली. आता मी याच्यावर अवलंबून राहणार नाही आणि हाही सुखी होईल."

बाईंनी शब्द पाळला. पुढची सगळी वर्षं त्यांनी एंजिन नाहीच असं समजून बोट चालवली. आणि एंजिन नसलेली बोट चालवायची म्हणजे मुख्यतः काय करायचं, हे मला हळूहळू कळलं. थांबायचं.

ज्या बाई दवाखान्यात माणसाचं "अहो जरा" पुरं व्हायच्या आत दात काढून हातावर ठेवायच्या, त्याच बाई बोटीवर ओहोटी वळायची वाट बघत बसून राहायच्या. ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचं, भरतीबरोबर परत यायचं. पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर जायचं, दुपारच्या समुद्रावरच्या वाऱ्यावर यायचं. दोन्हींच्या मधे वारा पडतो तेव्हा नांगर टाकून जेवायचं. निघण्याआधी परत येण्याची वाट ठरवायची. शीड नेहमी गरजेआधी उतरवायचं. आणि बोटीवर "कधी पोचू?" असं विचारायचं नाही. एकदा मी विचारलं. बाईंनी सुकाणू माझ्या हातात दिलं, स्वतः आत जाऊन झोपल्या आणि म्हणाल्या, "तू सांग."

मी काय सांगणार? बोट स्वतःभोवती एक पूर्ण चक्कर मारून पुन्हा होती तिथे आली. त्या घोरत होत्या. निदान मला तसं वाटत होतं, कारण चक्कर पूर्ण होताच आतून आवाज आला, "प्रदक्षिणा झाली असेल तर सुकाणू सरळ कर."

मला त्यांनी सुकाणूवर पुन्हा फारसं ठेवलं नाही. शिडाच्या दोऱ्यांवर ठेवून पाहिलं, तर मी एका गाठीत स्वतःचा शर्ट बांधून ठेवला. स्वयंपाकावर ठेवलं, तर स्टोव्ह पेटवताना भुवया गेल्या. अखेर त्यांनी मला पुढच्या टोकाला, नांगरापाशी उभं केलं. "हे तुझं काम. मी 'सोड' म्हटलं की नांगर सोडायचा. बाकी कशाला हात लावू नकोस." मला वाटलं ही बोटीवरची सगळ्यात क्षुल्लक जागा असणार. देवळाबाहेर चपला सांभाळायला बसवतात तशी.

बाईंचा लौकिक ऐकून एकदा पेणमधले त्यांचे दोन डॉक्टर मित्र बायकांसह रविवारच्या सफरीला आले. बेत असा, की खाडीतून रेवसला जायचं, तिथे जेवायचं आणि परतायचं. पाहुणे गाडीतून आले. गाडी धक्क्यावर झाडाखाली लावली, ड्रायव्हर आत पेपर वाचत बसला. आम्ही निघालो तेव्हा वारा होता. गाडीपासून हाकेच्या अंतरावर गेलो आणि वारा पडला. त्याच वेळी खालून माल भरलेली बार्ज येताना दिसली. बाईंनी वल्हं घेऊन बोट कडेला सरकवली आणि म्हणाल्या, "सोड." मी नांगर सोडला. बार्ज गेली. तिच्यामागून आणखी एक आली.

"आता?" एका डॉक्टरांनी विचारलं.

"आता जेवू या."

"इथे?"

"भूक रेवसला लागणार होती का?"

बाईंनी करंद्यांचं भुजणं, तळलेले बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या काढल्या. चौबळांच्या घरचं मासळीचं जेवण दोन्ही तालुक्यांत गाजलेलं होतं. पण पाहुण्यांचं लक्ष लागेना. समोर त्यांची गाडी दिसत होती. ड्रायव्हर खाली उतरून हात करत होता. दुसऱ्या डॉक्टरांना संध्याकाळी पेशंट होते. ते तीनदा घड्याळ बघून म्हणाले, "चौबळबाई, होडीवाल्याला बोलावून आम्हाला उतरवता का?"

"उतरवते की. पण ओहोटी आहे. होडी चिखलात बसेल, तुम्ही मांडीपर्यंत. वहिनींच्या साडीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

भरती येईपर्यंत सगळे बसले. जेवण झालं, गाणी झाली, दोन्ही डॉक्टर टोपीने तोंड झाकून झोपले. मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा समुद्रप्रवासाचा पूर्ण आनंद घेतला, कारण किनारा सतत दिसत होता. उतरताना वहिनी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे एवढा वेळ माझ्यासमोर कधी बसले नव्हते." डॉक्टर मात्र पुन्हा आले नाहीत.

मग खाडीतल्या बार्ज वाढल्या. दर फेरीला कुठल्या ना कुठल्या बार्जसाठी कडेला सरकावं लागायचं, आणि वारा नसला की वल्ह्यावर बाईंचे खांदे भरून यायचे. एका हिवाळ्यात त्यांनी ठरवलं, की बोट रोह्याला न्यायची. पेणचा दवाखाना बंद करून त्या माहेरच्या घरी राहायला जाणार होत्या. बोट कुंडलिकेच्या खाडीत, गावाच्या अलीकडे बांधायची.

पेणहून रोह्याला एसटी सकाळी धरली तर माणूस काम उरकून जेवायला घरी परत येतो. आम्हाला धरमतरहून रेवस, मग उघडा समुद्र, अलिबागवरून खाली रेवदंडा, तिथून कुंडलिकेत आत, असा सगळा वळसा घालायचा होता. बायकोने डबा देताना विचारलं, "कधी पोचाल?"

"असं विचारायचं नसतं," मी म्हणालो. तिने डबा परत आत नेला आणि त्यात आणखी चार भाकऱ्या घालून आणला.  निघताना तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जे मी कधीच लावत नाही.

हसुरामही बरोबर आला. "मशीन नाय तर मानूस तरी पायजे एक," असं म्हणून.

अलिबागपर्यंत सगळं सुरळीत झालं. म्हणजे मला उलट्या झाल्या, पण त्या वेळच्या वेळी झाल्या. रात्रीपुरता आडोशाला नांगर टाकला आणि उजाडताना मतलई वाऱ्यावर पुन्हा निघालो. शिडं भरलेली, पाणी सपाट, डाव्या हाताला नारळीची रांग. बाई सुकाणूवर बसून आवळासुपारी चघळत होत्या. हसुरामसुद्धा म्हणाला, "बरा वाटतंय हो बाय. मशीनचा आवाज नाय."

सकाळ उलटून गेल्यावर कोर्लईचा किल्ला दिसायला लागला. खाडीच्या तोंडाशी दक्षिणेला डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलेलं आहे, त्यावर किल्ला. त्या नाकाच्या बाहेरून उत्तरेला राहून आत शिरायचं, असा बाईंचा बेत. आम्ही जवळ पोचलो आणि वारा पडला. रोजच्याप्रमाणे पडला, पण रोजच्यापेक्षा लवकर. शिडं लोंबायला लागली. वारा नव्हता तरी समुद्राच्या लांब, गुळगुळीत लाटा येत होत्या, आणि प्रत्येक लाट आम्हाला उचलून थोडं डोंगराच्या बाजूला ठेवत होती.

हसुराम वल्ह्यावर बसला. लाटांपुढे वल्ह्याचं काय चालणार? बाई मान वर करून शिडाकडे बघत होत्या. "येईल," त्या म्हणाल्या. "पश्चिमेचा वारा येईल आता. पाणी काळं दिसतंय बघ तिकडे."

मी तिकडे बघितलंच नाही. मी दुसरीकडे बघत होतो. किल्ल्याखालचे खडक आता नुसते खडक दिसत नव्हते. त्यांच्यावरचे कालवांच्या शिंपल्यांचे पांढरे ठिपके दिसत होते. लाट मागे सरली की खडकांमधून गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. बाईंनी 'सोड' म्हटलं नव्हतं. मला ते कळत होतं. पण माझ्या हातांना कळलं नाही. नांगर माझ्या हातांतून गेला.

साखळी खडखडत गेली, मागोमाग दोर सरसरत गेला, आणि बाई कडाडल्या, "मी म्हटलं होतं का सोड?"

"नाही बाई."

"मग?"

 त्यांनी एकदा खडकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "आणखी दोर दे. सगळा दे. दोरावर तळहात ठेव."

हे त्यांनी मला शिकवलेलं होतं. नांगर धरला असेल तर दोर ताठ आणि गप्प असतो. नांगर तळावरून घासत येत असेल तर दोर थरथरतो. मी तळहात ठेवला.

"थरथरतोय!" मी ओरडलो.

"दोर की तू?"

"दोघंही!"

हसुराम पुढे धावत आला, त्याने हात ठेवला आणि म्हणाला, "व्हय बाय, सरकतंय!" बाईंनी मागचा दुसरा नांगर त्याच्याकडे ढकलला. तो हसुरामने पुढून टाकला. आम्ही तिघंही त्या दोन दोरांकडे बघत राहिलो. बोट मागे सरकत होती. खडकांवर पळणारे खेकडे मला दिसत होते. मी गणपतीला काहीतरी बोललो. काय बोललो ते सांगत नाही, कारण व्यवसायातल्या माणसाने असं बोलू नये. मग पहिला दोर एकदम कडक झाला, पाण्यातून वर उठला, त्यातून थेंब निथळले. बोट वळून लाटांना तोंड देऊन उभी राहिली.

"धरला," हसुराम म्हणाला.

मी दोर सोडला नाही. नांगराने धरला होता तरी मीही धरून ठेवला.

तेवढ्यात एक मच्छीमार ट्रॉलर लांबून जाताना थांबला. वरून आवाज आला, "वढून न्यावं काय गो बाय?" माझ्या जिवात जीव आला. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "जवळ येऊ नका! तुमचंही बूड लागेल. जरा लांब थांबता का? गरज लागली तर हाक मारते."

ते थांबले. बाईंनी शीड नीट करून घेतलं, आणि जावईबुवांवर ठेवलेला डबा काढून मला आणि हसुरामला एकेक भाकरी दिली. मी ती एका हातात धरली, दुसरा हात दोरावरच होता. त्या स्वतः खात नव्हत्या हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पाणी खरंच काळं झालं. पश्चिमेचा वारा आला, आणि तो आम्हाला खडकांकडेच लोटणारा होता. आता शीड भरून बोट पुढे सरकायला लागेपर्यंत नांगर धरून ठेवायचा आणि मग लगेच उचलायचा होता. दुसरा नांगर आला. पहिला येईना. तो खडकाच्या कपारीत अडकून बसला होता. मी आणि हसुराम लोंबकळलो तरी हलेना.

बाईंनी रॉकेलचा रिकामा डबा त्या दोराला बांधायला सांगितला आणि सुरी माझ्याकडे टाकली. "शीड भरलं की मी 'काप' म्हणेन. आता तरी मी म्हणेपर्यंत थांब. लवकर कापलास तर खडकावर जाऊ."

त्या दिवशी मी एक काम सांगितल्या वेळेला केलं. शीड फटकन भरलं, बोट कलली, बाई ओरडल्या "काप!", दोर तुटला आणि डबा पाण्यात नाचत मागे पडला. खडक आधी शेजारून, मग मागून गेले. ट्रॉलरवाल्यांनी हात केला आणि ते निघून गेले. आम्ही भरतीबरोबर खाडीत शिरलो.

आत, संथ पाण्यात, तिवरांच्या आडोशाला आल्यावर बाईंनी उरलेला नांगर टाकायला सांगितला. हसुराम चहा करायला आत गेला. बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. हॅट काढली. नांगराच्या दोरावर स्वतःचा तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. 

मी म्हणालो, "बाई, माफ करा. तुम्ही सोड म्हणाला नव्हतात."

"नव्हते म्हणाले. आणखी थोडं थांबले असते. वारा येतोय असं मला वाटत होतं, आणि लाज वाटत होती इतक्या लवकर नांगर टाकायची. हसुराम हसेल म्हणून. तेवढ्यात आपण खडकावर गेलो असतो. वारा आला तो किती उशिरा आला, पाहिलंस ना?"

 मला कौतुकाची सवय नव्हती आणि हे कौतुक आहे की नाही याचीही खात्री नव्हती.

"तुला पुढे का उभा केला, माहीत आहे?"

"दुसरं काही जमत नाही म्हणून."

"तेही आहे. पण मुख्य म्हणजे तू भित्रा आहेस. बोटीवर आधी दोघं-तिघं शूर आणून पाहिले मी. शूर माणूस नांगर टाकायला उशीर करतो. तू खुर्चीत बसलास तेव्हा मी सुई हातात घ्यायच्या आधीच ओरडलास. म्हटलं, हाच पाहिजे."

इतक्या वर्षांत मला माझ्या एखाद्या गुणाबद्दल कुणी निवडलं असेल, तर ते हे एकदाच. मी ही हकिकत बायकोला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाईंना माणसाची पारख आहे." आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढची वाट सोपी होती. पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी केली, भरतीबरोबर वल्ह्याने सरकत सरकत वर गेलो, आणि रोह्याच्या अलीकडे एका लहानशा धक्क्याला बोट बांधली. धक्क्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठून आलात?" मी "पेण" म्हणालो. त्याने सहानुभूतीने विचारलं, "एसट्या बंद हायेत काय?" हसुराम पुढच्या आठवड्यात रेवदंड्याच्या ओळखीच्या होडीतून जाऊन तो डबा शोधून नांगर सोडवून घेऊन आला. मशीनच्या होडीतून गेला होता हे त्याने बाईंना दोनदा सांगितलं.

बाई रोह्याला गेल्यावर माझं जाणं कमी झालं. माझा धंदा वाढला. मुंबईहून ऑर्डरी यायला लागल्या, हमरापूरला आणखी एक शेड घेतली, आणि पूर्वी जानेवारीपर्यंत रिकामा असलेला मी दिवाळीपासूनच मातीत हात घालायला लागलो. बाईंनी माझ्या जागी रोह्यातला एक विमा एजंट धरला होता. "तुझ्यापेक्षाही घाबरट आहे," असं त्यांनी मला फोनवर अभिमानाने सांगितलं. मला थोडी असूया वाटली, हे कबूल करायला हवं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या, तापाचं निमित्त झालं, आणि मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यांना पाहिलं त्या दिवशी मी रोह्याहून खाडीकाठच्या रस्त्याने एका लग्नाला चाललो होतो. दुपार. गाडीत मरणाचा उकाडा. एका वळणावर खाली खाडी दिसली आणि मधोमध बोट. शीड सरळ खाली लोंबत होतं. कुठे सुरकुतीसुद्धा हलत नव्हती.

"बंद पडली वाटतं कोणाची," माझ्या शेजारचा म्हणाला. दोघं-तिघं खिडकीकडे सरकले. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "बाई हाय एकटी. कोन जाईल का तिला आनायला?"

मी ओळखलं होतं. मागे कुणीतरी टोपीखाली झोपलेलं होतं, बहुधा विमा एजंट. बाई खोलीच्या छपरावर बसल्या होत्या. नुकतेच केस धुतले असावेत. पांढरे केस पाठीवर मोकळे सोडून, डोकं एका बाजूला करून त्या सावकाश विंचरत होत्या, घराच्या ओटीवर बसावं तशा. मी खिडकीतून हात बाहेर काढला, हाकही मारली असावी. इतक्या लांबून त्यांना ती ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मग मला दिसलं, की त्यांचे केस जरासे हलले. सगळे नव्हे, एका बाजूचे. बाईंनी कंगवा दातांत धरला, दोन्ही हातांनी केस गोळा केले आणि त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी शिडाच्या दोराला हात घातला तेवढ्यात गाडीने वळण घेतलं.